गळालेल्या पानाची जागा

हस्तलिखितांविषयी आज जी चर्चा चालते ती जवळजवळ सगळी संख्यांची आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखिते तिच्या कक्षेत येणार आहेत. त्याआधी २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले होतेच. या कामाचे महत्त्व कोण नाकारील? इंदुरातल्या मराठी माणसाला तर ते दारातले काम वाटावे. तासाभराच्या वाटेवर उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेत हजारो पोथ्या आहेत. होळकरांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून आलेल्या घराण्यांच्या देवघरांत आणि माळ्यांवर असतील त्या वेगळ्या. तरीही किती लाख पानांची छायाचित्रे निघाली एवढेच सांगितले जाते, एवढेच ऐकले जाते आणि त्यावर टाळ्या पडतात. ती पाने कोणत्या क्रमाने होती, तो क्रम कोणी लावला होता आणि तो चित्रांत उतरला का, हे कोणी विचारत नाही.

पोथी शिवलेली नसते, आणि सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो. दोन फळ्यांमध्ये सुटी पाने, वर रुमाल. वाचताना पान उचलायचे, उलटायचे, बाजूला ठेवायचे. वारा आला, मूल धावत आले, वाचणाऱ्याचा हात थरथरला की ग्रंथ विस्कटतो. म्हणून नकलकार पानावर आकडा घालतो, आणि तो पृष्ठाला नव्हे तर पानाला घालतो. उत्तरेकडच्या देवनागरी पोथ्यांत हा आकडा बहुधा पानाच्या मागच्या बाजूला असतो : डाव्या समासात वर ग्रंथाच्या नावाची दोन-तीन अक्षरे आणि आकडा, उजव्या समासात खाली पुन्हा आकडा. दक्षिणेत तो बहुधा पुढच्या बाजूला येतो. एका पानाला एकच आकडा, म्हणून अभ्यासक २७अ, २७ब असे लिहितात. यामागे एक अगदी भौतिक शहाणपण आहे. हरवते ते पान, पृष्ठ नव्हे. दोन्ही बाजू एकदमच जातात, एकदमच भिजतात, वाळवीही दोन्ही बाजू एकदमच खाते.

मोडी कागदांतही हीच काळजी दुसऱ्या रूपाने दिसते. मजकूर लांबला की कागदाचे बंद एकमेकांना डकवायचे, सांध्यावर मागून शिक्का उठवायचा, शेवटी मोर्तब. मधला बंद कोणी काढला तर शिक्का तुटलेला दिसावा. आजही कोर्टात फाइल दाखल करताना वकिलाचा कारकून आधी पेजिंग पाहतो. क्रम हा पुराव्याचा भाग असतो, हे कारकुनाला ठाऊक असते.

आता छायाचित्राचा आकडा पाहा. समजा पोथीची वरची फळी, ओळखचिठ्ठी आणि रंगपट्टी यांची तीन चित्रे आधी काढली आणि मग प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू टिपल्या. २७ब हे ५७वे चित्र ठरेल. पण बारावे पान गहाळ असेल तर तेच २७ब ५५व्या चित्रावर येते, आणि चित्रांची मालिका मात्र एकपासून शेवटपर्यंत अखंड दिसते. पत्रांकांची, म्हणजे पानांवरच्या आकड्यांची, मालिका अकरावरून तेरावर उडी मारते आणि सांगते, इथे काहीतरी होते. प्रतिमांकांची, म्हणजे चित्रांच्या आकड्यांची, मालिका अशी उडी कधीच मारू शकत नाही, कारण जे नाही त्याचे चित्र निघत नाही. संग्रहाच्या सूचीत प्रतिमांकच उरला की तूट नाहीशी होते. ग्रंथ होता तेवढाच अपुरा राहतो, पण पुरा भासू लागतो.

म्हणून पानांचा आकडा चित्रांबरोबर नोंदला जावा, असे माझे म्हणणे आहे. यावर मजकूर छापला की पोथीचे काम संपले, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पोथीला पेन्सिलही लागू नये असे म्हणणाऱ्यांची भावना मी समजू शकतो. नवा आकडा पोथीवर न लिहिता नोंदीत लिहिता येतो. खरा प्रतिवाद तिसराच आहे आणि तो हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो : क्रमाची चिंता कशाला, यंत्र अक्षरे ओळखेल, एका पानाची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिल्या ओळीशी जुळवील आणि क्रम आपोआप लागेल.

गीतेच्या बाबतीत लागेल. ज्ञानेश्वरीच्या बाबतीतही लागेल. ज्या ग्रंथाचा क्रम आपल्याला आधीच माहीत आहे तिथे यंत्र तो क्रम परत देईल, म्हणजे नवे काहीच देणार नाही. पण आपल्या संग्रहांत संकीर्ण मजकुराची बाडे आहेत. कोणा वारकऱ्याने आज एक अभंग उतरवला, महिन्याने एक पद, मध्येच एखादा औषधाचा पाठ, मग उसनवारीचा हिशेब. वरच्या ओळीचा खालच्या ओळीशी अर्थाचा काही संबंध नाही. कोणते कशाच्या आधी उतरले, हे सांगणारा मुख्य साक्षीदार म्हणजे पानांचा क्रम. तुकोबांच्या गाथेचेच घ्या. १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली दोन खंडांची गाथा देहू, तळेगाव अशा ठिकाणच्या जुन्या वह्या समोर ठेवून सिद्ध झाली. अभंग साडेचार हजारांच्या वर, आणि प्रतीप्रतीत त्यांचा क्रम वेगळा. एक अभंग जिथे संपतो तिथे दुसरा कोणताही सुरू होऊ शकतो. इथे यंत्र कशाशी काय जुळवणार? ते छापील गाथेशी जुळवील, आणि प्रत्येक वहीचे जे वेगळेपण, तेच पुसून टाकील.

हा प्रतिवाद मला पुन्हा पुन्हा छळतो, कारण त्यात एक गृहीत लपलेले आहे : क्रम मजकुरात असतो, वस्तूत नसतो. राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीचे काय झाले ते आठवावे. मजकूर छापला गेला, व्याकरणावर ग्रंथ झाला, पण मूळ पोथी पुढे गहाळ झाली. ती किती जुनी हा वाद मिटत नाही, कारण कागद, समास, हस्ताक्षराची वळणे, पानांवरचे आकडे हे तपासायला समोर काही नाही. ओव्या सगळ्या आहेत, साक्ष नाही.

शेजारची ओळ जुळवून सगळा क्रम लागेल, या भरवशाला गणितातही उत्तर आहे. तिथे, विशेषतः १९४० च्या दशकापासून, एरेस्मान आणि रीब या गणितज्ञांच्या कामातून, अवकाशाची पर्णांत विभागणी करण्याचे शास्त्र उभे राहिले. त्याची पहिली अट अशी की प्रत्येक बिंदू कोणत्या तरी एका आणि एकाच पर्णावर असला पाहिजे. कोणत्याही बिंदूच्या जवळ पाहिले तर पर्णे एकावर एक नीट रचलेली दिसतात. पण दूरवर ती कशी जातात हे त्या जवळच्या चित्रावरून ठरत नाही. हातातल्या कड्याच्या आकाराच्या पृष्ठभागावर अपरिमेय उताराने निघालेले एकच पर्ण सगळीकडे फिरते, प्रत्येक बिंदूच्या हवे तितके जवळून जाते आणि स्वतःला कधीच येऊन मिळत नाही. शेजारच्या ओळी जुळवून सबंध बाडाचा क्रम मिळेल म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे : शेजार जुळला म्हणजे सबंध जुळला असे नसते.

माझा सगळा आग्रह अखेर एका भेदावर येतो : वस्तूला असलेला क्रम आणि आपल्या कामाने तिला दिलेला क्रम. भूशास्त्रज्ञ हा भेद फार पूर्वी शिकले. सेजविक यांनी १८३५ साली खडकातली फूट मूळ थरांहून वेगळी असते हे दाखवले. डार्विन यांनी १८४६ च्या दक्षिण अमेरिकेच्या भूशास्त्रावरील ग्रंथात खनिजांच्या पानापानांच्या रचनेचा वेगळा विचार केला. गोव्यातल्या शिस्ट किंवा फिलाइट या खडकांच्या तुकड्यात अभ्रकासारखी खनिजे दाबाच्या काटकोनात वळून पाने पडलेली दिसतात. ती पाने गाळ कोणत्या क्रमाने साचला ते सांगत नाहीत, नंतर दाब कोणत्या दिशेने आला ते सांगतात. एकाच खडकात थर आणि पाने दोन्ही असतात, कधी एकमेकांना छेदतात, आणि क्षेत्रवहीत दोन्हींची मोजमापे वेगवेगळी लिहावी लागतात. इंदूरच्या आसपास हा धडा मिळत नाही. इथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे प्रवाह आडवे पसरले आहेत, खालचा जुना, वरचा नवा; क्रम एकच.

पोथीत मात्र क्रम तीन-तीन असू शकतात. नकलकाराचा आकडा, पुढे कोणा ग्रंथपालाने पेन्सिलने घातलेला आकडा, आणि आता चित्राचा आकडा. नकलकार चुकतो, एकच आकडा दोनदा घालतो, एखादा गाळतो आणि मजकूर मात्र तुटत नाही. ते मजकूर वाचूनच कळते, आणि त्या वाचनात यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण दुरुस्त केलेला आकडा मूळ आकड्याच्या जागी लिहू नये. तिन्ही रकाने वेगळे ठेवावेत, चित्राच्या नावात २७ब असे पानाचे नाव आधी यावे, आणि बारावे पान नसेल तिथे ‘१२ – अनुपलब्ध’ असे लिहिलेल्या कोऱ्या कागदाचे चित्र घालावे. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. पोथी हाताळणाऱ्याला समासातला आकडा वाचता यावा लागतो, आणि ते वाचायला लागणारा वेळ त्याच्या मजुरीत धरावा लागतो. आज मजुरी चित्रामागे ठरते, तेव्हा तो समास बघायला थांबला तर नुकसान त्याचेच होते.