धक्का कोणाला बसतो?

माझा भाचा गुरुग्राममध्ये संगणकाच्या नोकरीत आहे. रात्री घरी आल्यावर तो ‘आर्मा ३’ या युद्धखेळासाठी बंदुका तयार करतो. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या या खेळात खेळणाऱ्यांनीच रचलेली शस्त्रे, गणवेश, गावे जोडता येतात. अशा भागाला अ‍ॅडऑन म्हणतात. मी त्याच्याकडे उतरलो होतो तेव्हा तो आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीवर काम करीत होता आणि तीन रात्री एकाच प्रश्नापाशी अडला होता : गोळी सुटताच मागे बसणारा धक्का किती ठेवावा?

चार ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने पुढे जाते, म्हणून चार किलोची रायफल मागे येते. हा न्यूटनचा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकला आहे. परंतु पडद्यापुढे बसलेल्याच्या खांद्याला काहीच लागत नाही. तो धक्का त्याच्या डोळ्याला व हाताला द्यावा लागतो. एक अंक शस्त्र किती मागे यावे ते ठरवितो, दुसरा नळीचे तोंड किती हलावे ते. आणखी एक अंक असा की, तेवढा नेम ढळलेलाच राहतो व खेळणाऱ्याला तो माउसने परत आणावा लागतो. अंक उतरविले की मारणे सोपे होते.

“मामा, धक्का कमी ठेवला तर तो खोटेपणा होईल,” तो म्हणाला.

वाचकहो, मला त्याची थट्टा करवेना. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अबनेर आपला पाठलाग करणाऱ्या असाएलाला दोनदा मागे फिरण्यास सांगतो व शेवटी भाल्याच्या मागच्या टोकाने मारतो. नुसते ‘भाल्याने’ असे भाषांतर केले तर वाक्य सुटसुटीत होते. पण अबनेराने पाते वापरले नाही, हा तपशील बुडतो. शस्त्राविषयीही खरे सांगावे लागते. मात्र तो लेखक शस्त्रापाशी थांबत नाही. असाएल पडला त्या जागी येणारा प्रत्येक जण थबकून उभा राहतो, आणि पुढच्या अध्यायात यवाब आपल्या भावाच्या रक्तासाठी अबनेराला ठार करतो. त्या भाल्याचा धक्का अबनेराला तेव्हा बसला.

माझी अडचण हीच आहे. बंदुकीच्या दस्त्याकडचे सारे खरे आणि नळीपुढचे सारे पोकळ, असे चित्र अर्धे खरे नसते. ते दिशाभूल करते. खेळात गोळी लागलेला माणूस पडतो, आणि संगणकावरील भार हलका व्हावा म्हणून पुष्कळदा त्याचे प्रेतही थोड्या वेळाने पुसले जाते. थबकायला जागाच उरत नाही.

यावर बंदी हा उपाय मला पटत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा कित्येक पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आदेशात कारण होते देशाच्या सुरक्षिततेचे व माहितीच्या चोरीचे, हिंसेचे नव्हे. त्यापेक्षा बोहेमियानेच २०१७ मध्ये आणलेला युद्धाच्या कायद्यांवरील भाग मला मोलाचा वाटतो. त्यात खेळणारा लढाई संपलेल्या गावात सुरुंग व न फुटलेले बाँब काढतो, आणि तेथे कोण राहत होते हे त्याला कळत जाते. रेड क्रॉसशी विचारविनिमय करून तो रचला गेला.

भाच्याला मी विचारले, “ज्याला गोळी लागते त्याच्याविषयी त्या यादीत काय आहे?”

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. “अंगाचा कुठला भाग किती गोळ्या सोसतो, एवढेच,” तो म्हणाला, आणि धक्क्याचा अंक त्याने जरा वाढविला. मी असाएलाच्या वचनाकडे वळलो. ‘मागचे टोक’ की ‘बुंधा’, हे आमचे अजून ठरलेले नाही.