सवलत हीसुद्धा अल्लाहचीच

वाचकहो, गेल्या शाबान महिन्यात असरच्या नमाजनंतर रोशन गेट परिसरातील एक गृहस्थ भेटले. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. ते म्हणाले, “मौलाना, महागडे नवे इन्सुलिन सुरू केले तर ती पूर्ण रोजे ठेवू शकेल का? मी कर्ज काढीन.”

प्रश्नामागची तळमळ खरी होती. परंतु रोजा पैशाने सुलभ होतो, हे गृहीतक तपासले पाहिजे.

या आजारात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ तयार करत नाही. म्हणून दिवसभर संथपणे काम करणाऱ्या इन्सुलिनखेरीज प्रत्येक जेवणासाठी वेगळी सुई लागते. जुने, स्वस्त ‘रेग्युलर’ इन्सुलिन जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यावे लागते आणि त्याचा अंमल ५ ते ८ तास राहतो. १९९६ साली आलेले लिस्प्रो व त्यानंतरचे अस्पार्ट १० ते १५ मिनिटांत काम सुरू करतात आणि ३ ते ५ तासांत ओसरतात.

इफ्तारच्या वेळी हा फरक जाणवतो. जलद इन्सुलिन घेणारा जेवायला बसतानाच सुई घेऊ शकतो. रेग्युलर घेणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने खजुराने रोजा सोडून सुई घ्यावी आणि मगरिबची नमाज अदा करून जेवावे. सोय कमी-अधिक झाली, एवढेच. साखर घसरून शुद्ध हरपण्याचा धोका जलद इन्सुलिनने घटतो, संपत नाही. आणि रोज्यासाठी सुईच टाळली, तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतते.

सूरह अल-बकराच्या १८४ व १८५ या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे आणि अल्लाहला आपल्यासाठी सुलभता हवी आहे, असा आशय आहे. ही सवलत निर्धनाची दुय्यम इबादत नव्हे. ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच ती दिली. शरीर ही अमानत आहे. तिला जाणूनबुजून संकटात टाकणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

मी त्यांना म्हणालो, “डॉक्टरांनी प्रकृतीसाठी जलद इन्सुलिन सुचवले, तर जरूर घ्या. ऐपत नसेल तर जकातीतून मदत घेण्यात संकोच नको. पण रोजे विकत घेण्यासाठी कर्ज काढू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली, तर तिने रोजा ठेवावा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर तत्क्षणी सोडावा. सुधारणा झाल्यास हिवाळ्यातील लहान दिवसांत कजा करावी. कायमची असमर्थता असेल तर फिदया द्यावा.”

ते थोडे थांबून म्हणाले, “तिला मैत्रिणींसमोर खायची लाज वाटते.”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते तुमच्याकडे आहे, वाचकहो. रमजानच्या दुपारी आपल्या मोहल्ल्यात एखादी मुलगी घोटभर पाणी पिताना दिसली, तर तिला कारण विचारू नका. अल्लाहने दिलेली सवलत आपल्या नजरेने परत घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.