अंतर्गत अशांतता

राज्यघटनेच्या मूळ ३५२ व्या अनुच्छेदात राष्ट्रीय आणीबाणीची तीन कारणे सांगितली होती : युद्ध, परकीय आक्रमण आणि अंतर्गत अशांतता. पहिली दोन डोळ्यांना दिसणारी आहेत. सैन्य सरहद्द ओलांडते किंवा ओलांडत नाही. त्याविषयी फार वाद घालता येत नाही. तिसऱ्या कारणाचे तसे नाही. अंतर्गत म्हणजे राज्याच्या हद्दीतील, हा त्याचा विधिसंमत अर्थ झाला. परंतु मराठी वाचकाच्या कानाला हा शब्द मनाच्या दिशेनेही ऐकू येतो, आणि मग अशांतता नेमकी कोणाच्या अंतरातली, असा प्रश्न त्याला पडतो. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी ज्या घोषणेवर सही केली ती याच तिसऱ्या कारणावर उभी होती. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो शब्दप्रयोग काढून त्या जागी सशस्त्र बंड हे कारण घातले. शब्द गेला, प्रश्न मात्र उरला. देशात काय चालले आहे हे वाचून ज्याच्या मनाची शांती ढळत नाही असा नागरिक प्रत्येक सत्तेला हवाहवासा वाटतो. ज्याची ढळते, त्याने त्या ढळण्याचे काय करायचे? सामान्य माणूस आणि शासनसत्ता यांच्या नात्याचा विचार करताना मला हा प्रश्न मतस्वातंत्र्याच्या प्रश्नाहूनही मूलभूत वाटत आला आहे.

बंगळुरात या प्रश्नाला पत्ता आहे. जून १९७५ च्या शेवटच्या आठवड्यात पक्षांतरविरोधी विधेयकाचा विचार करणाऱ्या संसदेच्या संयुक्त समितीच्या कामासाठी काही खासदार येथे आले होते. त्यांपैकी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते या चौघांना २६ जूनला याच शहरात अटक झाली आणि त्यांना मध्यवर्ती कारागृहात नेण्यात आले. निष्ठा बदलणाऱ्या प्रतिनिधींना आळा कसा घालावा याची चर्चा करायला आलेली माणसे निष्ठा न बदलल्यामुळे तुरुंगात गेली. हा प्रसंग एखाद्या नाटककाराने रचला असता तर आम्ही समीक्षकांनी त्यास कृत्रिम म्हटले असते.

दंडवते अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापक, आणि त्या वेळी राजापूरचे खासदार. ते सुमारे दीड वर्ष बंगळुरात स्थानबद्ध होते. पुढे त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते यांनाही अटक होऊन येरवड्याला ठेवण्यात आले, आणि मग दोन तुरुंगांमध्ये पत्रे जाऊ लागली. ती अर्थातच अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. पतिपत्नींचा खासगी संवाद राज्याने वाचावा आणि राज्याचा कारभार मात्र नागरिकाने वाचू नये, अशी ती व्यवस्था होती.

ते कारागृह गावाबाहेर नव्हते. शेषाद्री रस्त्यालगत, मॅजेस्टिकच्या गजबजाटापासून आणि रेल्वे स्थानकापासून फार दूर नाही अशा मध्यवस्तीत ते होते. १९७१ च्या जनगणनेत सोळा लाखांवर गेलेले हे शहर त्या भिंतीच्या कडेने रोज कामावर जात होते आणि संध्याकाळी घरी परतत होते. मे १९७६ मध्ये अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात पकडून याच कारागृहात आणले गेले. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरील 'संस्कार' (१९७०) या कन्नड चित्रपटातील त्यांची भूमिका रसिकांना ठाऊक आहे. आरोपपत्रात त्यांचे नाव आले नाही; तरी मिसा कायद्याखाली त्या आतच राहिल्या. त्यांना दमा होता. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटका झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, २० जानेवारीला, त्यांचे निधन झाले. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या आपल्याला ऐकू येत, असे दंडवते यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे.

या नोंदीपाशी थांबावेसे वाटते. आतल्या कैद्याला जे ऐकू येत होते ते बाहेरच्या स्वतंत्र नागरिकाला ऐकू येत नव्हते. दोघांमध्ये एक भिंत होती आणि ती सरकारने बांधलेली होती, म्हणून दोष सरकारचा, असे उत्तर सहज देता येते. वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी होती, आकाशवाणी शासनाची होती, स्थानबद्धांची नावे छापण्यास मनाई होती. मग सामान्य माणसाला कळणार कसे? हा बचाव खरा आहे, परंतु तो अर्धाच खरा आहे. बातमी दडपली की तिच्या जागी पोकळी राहते, आणि पोकळीही वाचता येते. 'इंडियन एक्स्प्रेस'ने २८ जून १९७५ रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा त्या कोऱ्या जागेने पुष्कळ काही सांगितले. ज्यांची भाषणे कालपर्यंत छापून येत ती माणसे आज पानांवरून नाहीशी झाली, हे कळण्यासाठी गुप्त वार्ताहर लागत नाही. कालचे वर्तमानपत्र लक्षात असले म्हणजे पुरते. तेव्हा प्रश्न माहितीच्या अभावाचा जितका आहे तितकाच स्मरणाचाही आहे, आणि स्मरणावर कोणत्याही सेन्सॉर अधिकाऱ्याचा शिक्का उमटत नाही.

मग लोकांनी विचारले का नाही? भीती होतीच, शहा आयोगाच्या आकड्यांनुसार मिसा आणि भारत संरक्षण नियम यांखाली मिळून १,१०,८०६ माणसे स्थानबद्ध झाली होती, आणि असा आकडा छापला गेला नाही तरी हवेतून पसरतो. परंतु भीती हे सर्वांचे कारण नव्हते, हे मान्य करणे अवघड असले तरी आवश्यक आहे. पुष्कळांना त्या काळात खरोखर बरे वाटत होते. गाड्या वेळेवर येत होत्या, कचेरीतला कारकून जागेवर सापडत होता, संप नव्हते. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या सरकारने १९७४ पासून कूळकायद्याची जी कठोर अंमलबजावणी आरंभली होती ती या काळातही चालू राहिली. ज्या कुळाच्या हाती न्यायाधिकरणाकडून जमिनीचा कागद आला त्याला बंगळुरातल्या तुरुंगात कोण आहे याची चिंता करावी, असे सांगण्याचा अधिकार शहरी सुशिक्षितास नाही. शासनाने दिलेली शांतता नेहमीच खोटी नसते. तिच्यात भाकरीचा वाटा असतो, आणि म्हणूनच तिची किंमत कोण देत आहे हे विचारण्याचे भान सुटते. (पुढे १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या घातल्या. गाड्या वेळेवर धावल्याचे श्रेय आजही ऐकू येते. त्या गाद्यांवर झोपणाऱ्यांना मात्र त्या कोणी घातल्या हे बहुधा ठाऊक नसते.)

शांततेला नैतिक प्रतिष्ठा देणारा एक शब्दही तेव्हा सापडला होता. पवनारला मौनात असलेल्या विनोबांनी लिहून दाखवलेले 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारी प्रचाराने भिंतीभिंतींवर नेले. महाभारतातील पर्वाचे ते नाव विनोबांच्या मनात कोणत्या अर्थाने होते यावर पुढे बरीच चर्चा झाली. सत्ताधाऱ्यांचे ते शासन आणि आचार्यांचे ते अनुशासन, असा भेद त्यांनी स्वतःच नंतर केला. परंतु भिंतीवर रंगवलेल्या शब्दाला तळटीप जोडता येत नाही. एका संताच्या मौनाचा असा उपयोग होऊ शकतो, तर तुमच्याआमच्या मौनाचे काय? आपण गप्प आहोत म्हणजे तटस्थ आहोत, ही समजूत येथे ढासळते. गप्प बसलेल्याच्या वतीने कोणी तरी बोलतच असते.

याच्या उलट दिशेचे उदाहरण मराठी साहित्यव्यवहारातच आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला झालेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली हे सर्वांच्या स्मरणात आहे; १९७६ मध्ये त्यांना अटक झाली हेही. मला अधिक विचारार्ह वाटते ती त्यांची दुसरी कृती. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन दुर्गाबाईंनी त्या मंडपात केले. आजारी माणसासाठी प्रार्थना करण्यास कोणत्याही कायद्याची बंदी नव्हती, आणि म्हणूनच त्या आवाहनाला शासनाजवळ उत्तर नव्हते. श्रोत्यांपुढेही ते एक आव्हान होते. भाषण ऐकून टाळी वाजवता येते आणि विसरूनही जाता येते. प्रार्थनेत सामील व्हायचे की नाही हे मात्र ज्याचे त्याला, शेजारी मंत्री बसलेले असताना, त्याच क्षणी ठरवावे लागले. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला एक क्षण त्या सोहळ्यात शिरला. अंतर्गत अशांतता या शब्दाला नागरिकाच्या बाजूने काही अर्थ द्यायचा तर तो मी या क्षणावरून घेईन : दुसऱ्यावर जे ओढवले आहे त्यासाठी स्वतःच्या दिनक्रमात केलेला खंड.

न्यायालयात असा खंड पडू शकला असता. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या अर्जांची दखल घेता येते असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर खटल्यात, ते मत चार विरुद्ध एक अशा बहुमताने फिरवले. एखाद्या अधिकाऱ्याने बेकायदा जीव घेतला तरी आणीबाणीत दाद मागता येणार नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले तेव्हा ॲटर्नी जनरल निरेन डे यांना होकार द्यावा लागला. खन्ना एकटे वेगळे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिले गेले व त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात असलेले यशवंत विष्णु चंद्रचूड पुण्याच्या विद्वत्परंपरेत वाढलेले, थोर न्यायशास्त्रज्ञ. विद्वत्ता अशा वेळी माणसाला सावरत नाही, ही बाब आम्हा विद्यापीठीय मंडळींना पचवणे जड जाते.

तो निर्णय स्पष्ट शब्दांत मोडीत निघाला तो २४ ऑगस्ट २०१७ ला, आणि पुन्हा एकदा बंगळुराचा धागा हाती लागतो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ऐंशीच्या दशकात, २०१२ साली, आधार योजनेला आव्हान दिले. संसदेने कायदा केला नसताना नागरिकांच्या बोटांचे ठसे सरकार कोणत्या अधिकाराने गोळा करते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. त्यांना कोणी तुरुंगात टाकले नव्हते. आपण होऊन ते या भानगडीत पडले नसते तर त्यांच्या निवृत्त जीवनाचे काही बिघडण्यासारखे दिसत नव्हते. त्या याचिकेतून नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा मूलभूत हक्क एकमताने मान्य केला, आणि जबलपूर निर्णय चूक होता असे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत यशवंत चंद्रचूडांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. वर्तमानपत्रांनी पितापुत्रांची ही कथा रंगवून छापली. तिच्यापुढे मूळ अर्जदार झाकोळले. आधार योजना पुढे २०१८ च्या निर्णयात बव्हंशी टिकली, त्यामुळे पुट्टस्वामींना यशस्वी म्हणावे की अयशस्वी, असा प्रश्न काहींना पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. माझ्या दृष्टीने महत्त्व याला आहे की स्वतःला न बोचणारी बातमी त्यांना बोचली.

आज बातमीचा तुटवडा नाही. हातातल्या फोनवर देशातील प्रत्येक अटक, प्रत्येक अध्यादेश, प्रत्येक पाडलेले घर काही मिनिटांत येते, आणि पुढच्या मिनिटाला क्रिकेटच्या धावसंख्येखाली जाते. १९७५ च्या वाचकाला कोऱ्या जागेवरून थांबून विचार करावा लागे. आजच्या वाचकाला थांबण्यास जागाच ठेवलेली नाही. दोन्ही काळांची तुलना करताना संयम हवा, कारण लाखावर माणसांची स्थानबद्धता ही अलंकारासाठी वापरण्याची गोष्ट नव्हे. तरीही वाचकाच्या मनातील परिणाम पाहिला तर दोन्हीकडे दिनक्रम अखंड राहतो.

बंगळुराचे जुने कारागृह आता परप्पन अग्रहारला गेले आहे आणि त्या जागी २००८ पासून फ्रीडम पार्क आहे. मोर्च्यांनी होणाऱ्या रहदारीच्या खोळंब्याची उच्च न्यायालयाने दखल घेतल्यानंतर, २०२१ च्या पोलीस आदेशाने शहरातील निदर्शनांसाठी हेच उद्यान नेमून दिले. या आदेशाची टवाळी करणे सोपे आहे. पण रुग्णवाहिका अडते, रोजंदारीवरच्या माणसाची बस चुकते, हे खोटे नाही. ज्याची मजुरी बुडते तो निदर्शकांइतकाच नागरिक आहे. माझी अडचण निराळी आहे. कोणाचीही वाट न अडवणारे निदर्शन हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच सांगितल्यासारखे होते, आणि वाट अडवणारे निदर्शन ज्याची वाट अडते त्याच्यावर त्याच्या संमतीवाचून भार टाकते. या दोहोंमधली रेषा पोलीस आयुक्तांनी एकट्याने आखावी हे मला पटत नाही. ती नागरिकांनी आपसात, दर वेळी नव्याने, कुरबुर करीत का होईना, ठरवायची असते. आणि त्यासाठी आधी एकमेकांचे म्हणणे कानावर पडावे लागते.

उद्यानात कारागृहाच्या काही बराकी आणि मधला टेहळणीचा मनोरा जतन केला आहे. शाळकरी मुले कोठड्यांत डोकावतात, फोटो काढतात. पलीकडच्या मोकळ्या जागेत कधी अंगणवाडी सेविका, कधी आशा कार्यकर्त्या, कधी शेतकरी मानधनाच्या नाहीतर हमीभावाच्या मागणीसाठी दिवसच्या दिवस बसलेले असतात. शेषाद्री रस्त्यावरून जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्या घोषणा ऐकू येतात, खिडकीची काच उघडी असली तर.