हवा कोण धरून ठेवते?

एखाद्या वस्तूचे कार्य तिच्या भागांच्या अंगी असते की त्या भागांहून वेगळ्या अशा एका अखंड वस्तूच्या, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे, आणि त्यासाठी वारंवार चाकाच्या वाहनाचा दृष्टान्त घेतला गेला यात नवल नाही. झाड किंवा देह यांचे भाग सुटे करण्याची केवळ कल्पना करावी लागते. रथ, गाडा किंवा सायकल मात्र माणसाच्या डोळ्यांदेखत खोलली आणि पुन्हा जोडली जाते, त्यामुळे तत्त्वज्ञाला जे शब्दांनी सिद्ध करावे लागते ते येथे पान्ह्याने करून पाहता येते. डोंगरउतारावरील शर्यतीच्या सायकलींनी अलीकडच्या काळात स्वीकारलेले ट्यूबलेस चाक या वादात एक वेगळीच साक्ष देते, आणि ती कोणत्या पक्षाच्या बाजूची आहे हे वाटते तितके उघड नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील यवन राजा मिलिंद, म्हणजेच मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला असतो. आस, चाके, सांगाडा, जू यांपैकी कोणताही एक भाग रथ नव्हे, त्या सर्वांचा ढीगही रथ नव्हे आणि त्यांना वगळून उरणारे असेही काही रथ नव्हे, हे त्याच्याच तोंडून वदवून घेऊन नागसेन दाखवतो की ‘रथ’ ही प्रज्ञप्ती आहे, म्हणजे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले असता व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. ‘नागसेन’ हे नावही तसेच असून त्याच्यामागे कायमचा आत्मा शोधून सापडत नाही, हा त्या उदाहरणाचा खरा रोख आहे. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावाला हा विचार परका नाही. हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असताना १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली होती, तीत त्यांचा पराभव झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेने अनात्मवाद विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. जो सिद्धान्त एरवी पंडितांच्या ग्रंथांत राहिला असता तो येथे विहारातल्या प्रवचनाचा विषय झाला.

न्यायदर्शनाने या मताला दिलेले उत्तर बौद्धप्रेमी लेखनात बहुधा घाईने उरकले जाते. नैयायिकांच्या मते भाग म्हणजे अवयव, आणि अवयवांत समवाय नावाच्या न सुटणाऱ्या संबंधाने राहणारा, पण त्यांच्याहून वेगळा असलेला अखंड पदार्थ म्हणजे अवयवी. न्यायसूत्रांत यासाठी दिलेला एक हेतू धारण आणि आकर्षण यांचा आहे: एका टोकाला धरले की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, आणि वस्तू म्हणजे सुट्या भागांचा निव्वळ ढीग असता तर असे घडले नसते. धुळीच्या राशीतून चिमूट उचलली तर रास मागे राहते, सायकलचे हँडल उचलले तर सायकल मागे राहत नाही. हा युक्तिवाद साधा दिसतो, पण तो खोडणे सोपे नाही.

गोरेगाव हा धानाचा तालुका आहे आणि नागझिऱ्याचे जंगल त्याला लागून आहे. डोंगरउताराच्या शर्यतींशी त्याचा संबंध नाही, पण बांध्यांमधल्या वाटेने आणि बाभळीच्या काट्यांवरून जाणारी साधी सायकल तेथे कोणाला अनोळखी नाही. तिच्या चाकात हवा कोण धरते याचे उत्तर पंक्चरच्या दुकानात निर्विवाद आहे: ट्यूब. ती बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली की जेथून बुडबुडे येतात तेथे दोष, तेथेच सोल्युशन आणि ठिगळ. हवा धरण्याचा गुण एका अवयवात राहतो आणि तो अवयव हातात घेऊन दाखवता येतो. तरीही हे उत्तर अर्धवटच आहे, कारण टायरच्या आवरणाबाहेर तीच ट्यूब पूर्ण दाबाने भरू लागल्यास ती फुगत जाऊन फुटते. म्हणजे जो गुण ट्यूबचा म्हणून समजला जातो तोही टायरच्या आधाराने टिकलेला असतो.

उतारावरच्या शर्यतीत ही व्यवस्था कामी येत नाही. वेगाने येणारे चाक दगडावर आपटले की दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ते टाळण्यासाठी हवा वाढवावी तर टायर टणक होतो आणि जमिनीला धरत नाही. १९९९ च्या सुमारास फ्रान्समधील माविक कंपनीने टायर बनवणाऱ्या कंपन्यांच्या साथीने डोंगरी सायकलसाठी ट्यूब नसलेल्या चाकाचे मानक आणले, आणि पुढे ट्यूब नसलेले चाक रूढ झाले. सध्याच्या प्रचलित पद्धतीत टायरची कड हवेच्या दाबाने रिमच्या खोबणीत घट्ट बसते, रिममधील आऱ्यांची भोके पट्टीने झाकली जातात, व्हॉल्व्ह स्वतंत्रपणे आवळला जातो आणि आत थोडे सीलंट, म्हणजे बहुधा रबराच्या चिकाचे पातळ द्रावण, ओतले जाते. आता पुन्हा विचारले की हवा कोण धरते, तर दाखवण्याजोगा अवयव उरत नाही. टायरला एक बाजू उघडी आहे, रिमला भोके आहेत, पट्टी ही नुसती पट्टी आहे, आणि सीलंट तर द्रवच. नैयायिक येथे म्हणेल की जे कोणत्याही अवयवात नाही पण प्रत्यक्षात दिसते, ते धारण अवयवीचेच मानले पाहिजे. बौद्ध म्हणेल की धारण आहे पण धारण करणारा कोणी नाही, हेच तर नागसेन सांगत होता. दोन्ही पक्ष एकाच चाकाला साक्षीदार म्हणून उभे करतात. निकाल देण्यासाठी टायर कसा निवडतात हे पाहावे लागते.

टायर निवडताना पकड, म्हणजे जमिनीला धरण्याची शक्ती, हा टायरचा स्वतःचा गुण धरला जातो आणि म्हणून सर्वोत्तम टायर कोणता असे विचारले जाते. रबर मऊ असेल, म्हणजे ड्युरोमीटर नावाच्या मापावर त्याचा आकडा कमी असेल, तर ते दगडाला चिकटते पण लवकर झिजते. उंच आणि विरळ गुठळ्यांचा टायर चिखलात रुतून धरतो आणि चिखल झटकतो, तर कडक कातळावर त्याच गुठळ्या वाकून घसरतात. मुरमाच्या सैल थराखाली कठीण जमीन असेल तर वळणावर कडेच्या मजबूत गुठळ्यांवरच भिस्त असते. दुहेरी थराचे आवरण दगडाच्या कडांना पुरून उरते, मात्र एका टायरचे वजन सव्वा किलोच्या आसपास नेते. हवा साधारण पंचवीस पाउंडांच्या आगेमागे ठेवतात, पण स्वाराचे वजन, रिमची रुंदी आणि उताराचा वेग बदलला की तोही आकडा बदलतो. पकड अशी टायर, हवा, माती, ओल आणि स्वार यांच्या आश्रयाने उपजते. यालाच नागार्जुनाने, ज्याचा जन्म तिबेटी परंपरा विदर्भात मानते, प्रतीत्यसमुत्पाद म्हटले, आणि ज्याला स्वतःचा, इतर कशावर न अवलंबणारा स्वभाव नाही त्याला शून्य म्हटले. टायरच्या पोकळीला शून्यता समजण्याचा मोह येथे होतो, पण तो चुकीचा आहे, कारण नागार्जुनाच्या अर्थाने भरलेला टायरही शून्य आहे आणि आतली हवाही. न्यायाचा अवयवी मानला तर तो रिम आणि टायर यांच्यापाशी थांबवता येत नाही, त्यात माती आणि पाऊसही घ्यावे लागतात, आणि इतका पसरलेला अवयवी मग एक वस्तू राहत नाही. म्हणून या वादात बौद्ध पक्ष अधिक टिकतो, जरी धारणाचा प्रश्न उपस्थित करण्याचे श्रेय नैयायिकांचेच आहे.

सीलंटचे वागणे याला पुष्टी देते. काटा रुतला की निसटणारी हवाच त्या द्रवाला भोकाकडे ढकलते आणि चिकाचे कण तेथे साकळून भोक बुजते. गळती नसती तर बुजणेही झाले नसते. पण ही सोय कायमची नाही. आतला द्रव हळूहळू वाळत जातो, विदर्भाच्या उन्हाळ्यात अधिकच लवकर, आणि तो काही महिन्यांनी पुन्हा भरला नाही तर टायर उघडल्यावर आत केवळ वाळलेल्या चिकाच्या पापुद्र्या आणि गोळ्या सापडतात.