आपल्या घरातला उजेड कुणाचा?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या १२व्या श्लोकावर. देवांनी दिलेलं त्यांना काहीच न देता जो एकटा भोगतो, त्याला भगवंत सरळ 'चोर' म्हणतात. हा श्लोक मी कितीदा वाचला, पण तो शब्द स्वतःला कधी लावून पाहिला नव्हता.

गेल्या माघात श्रीगोंद्याला मामाकडे गेलो होतो. शेख महंमद महाराजांचं दर्शन घेऊन आलो, संध्याकाळी पोथी उघडली. तेवढ्यात दारात एक ताई आली. शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, त्यातली. कडेवर लेकरू, हातात मोबाईल. "दादा, जरा चार्जिंगला लावता का? कोपीत लाईट न्हाई."

"उद्या या," म्हणालो. वाचन मोडायला नको ना!

मामी एवढंच म्हणाली, "पहाटे अंधारात त्या मोबाईलच्या बॅटरीवरच तिची चूल पेटते रे."

पोथी तिथेच मिटली. रानात जाऊन मोबाईल मागून आणला. पाचटाच्या कोपीपुढे तीन दगडांची चूल, ओलं सरपण, धुरात खोकणारं लेकरू. ही माणसं बीड, पाथर्डीकडून दिवाळीच्या सुमारास येतात, पाच-सहा महिने घर सोडून राहतात. गावाकडचं विजेचं मीटर काही सोबत येत नाही.

आणि त्यांनी तोडलेल्या उसाचं काय होतं? रस निघाल्यावर उरलेलं चिपाड अनेक कारखाने बॉयलरमध्ये जाळतात, त्यावर वीज करतात, जास्तीची वीज विकतात. तीच आपल्या फ्लॅटपर्यंत येते. म्हणजे उजेड देणारे हात अंधारात, आणि मी त्या उजेडात गीता वाचतोय! 'चोर' कोण, ते मला त्या रात्री कळलं.

मंडळी, देणाऱ्याला परत देणं हाच यज्ञ. उज्ज्वला योजनेच्या २०२१च्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्रावर गॅस जोडणी देण्याची सोय केली गेली. ही गोष्ट किती कोप्यांपर्यंत पोचली असेल? आपल्या आसपास बांधकामावर, वीटभट्टीवर अशी कुटुंबं असतातच. त्यांच्यासोबत एजन्सीत जाऊन चौकशी करा, अर्ज भरून द्या. तेही जमत नसेल, तर निदान चार्जिंगला 'उद्या या' म्हणू नका.

आज देवापाशी दिवा लावताना एवढं आठवू या.

राम कृष्ण हरी.