कच्चा लिंबू

मधल्या सुट्टीची घंटा झाली की डब्यातली पोळीभाजी कशीबशी घशाखाली उतरायची. जेवायला वेळ होता कुणाला! मैदानावर लगोरीच्या सात ठिकऱ्या रचून व्हायच्या, पलीकडे लंगडीचा डाव रंगलेला असायचा.

राज्य कुणावर, हे हात चकून ठरायचं. भांडणं व्हायची आणि घंटेच्या आत मिटायचीही, कारण खेळ थांबवणं कुणालाच परवडत नव्हतं. खालच्या वर्गातलं एखादं चिमुरडं मागे लागलं, तर त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचं. त्यानं मनसोक्त धावावं, ओरडावं. बाद झालं तरी त्याच्यावर राज्य नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, मुलांनी मुलांना दिलेला होता. दुबळ्याला सोबत घेण्याची इतकी सुंदर रीत मी मोठ्यांच्या जगात क्वचितच पाहिली.

याच मातीतला आपला खो-खो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि प्रियंका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे! ऊर भरून आला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं ३१ वं कलम विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानतं. तरीही गृहपाठ राहिला म्हणून एखाद्या मुलाला मधल्या सुट्टीत वर्गातच बसवलं जातं. गुरुजनहो, ही शिक्षा तेवढी देऊ नका. आणि आईबाबांनो, आज मूल घरी आलं की आधी विचारा, मैदानावर काय काय झालं ते.