नाते कोणते, ते आधी सांगा

'सुतार : लाकूड, तर सोनार : ?' शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतले हे समसंबंधाचे प्रश्न आम्हा शिक्षक मंडळींच्या चांगलेच ओळखीचे. मराठी पेपरात ते डावीकडून वाचायचे, उर्दू पेपरात उजवीकडून; रीत तीच. पहिल्या दोन शब्दांत जे नाते, तेच नाते तिसऱ्याशी जोडणारा चौथा शब्द शोधायचा. एवढ्याशा या खेळात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हाला वाटते. दोन गोष्टी सारख्या आहेत असे म्हणण्याचा हक्क माणसाला केव्हा मिळतो?

समजा, पर्याय आहेत दागिना, हातोडी, सोने आणि दुकान. चारही शब्द सोनाराच्या जवळचेच. म्हणून जवळचा शब्द उचलणारे मूल फसते. त्यावर उपाय एकच: नात्याचे वाक्य करायचे. 'सुतार लाकूड वापरतो' असे वाक्य केले तर सोनार सोनेही वापरतो आणि हातोडीही. दोन उत्तरे बसली म्हणजे वाक्य सैल आहे. मग ते आवळायचे: 'सुतार लाकडापासून वस्तू घडवतो.' आता सोन्याखेरीज दुसरे काही बसत नाही.

आमच्या फिक्हच्या परंपरेत याच रीतीला कियास म्हणतात. मूळ प्रकरण, नवे प्रकरण, दोघांना जोडणारी इल्लत म्हणजे कारण, आणि त्यावरून निघणारा हुकूम, असे त्याचे चार खांब. नेहमीचा दाखला दारूचा. ती हराम आहे ती नशेमुळे. म्हणून नशा आणणारा नवा पदार्थही हराम. रंग सारखा म्हणून द्राक्षाचे सरबत काही हराम होत नाही. मूळ फरकाकडे डोळेझाक करून केलेल्या तुलनेला उलेमांनी 'कियास मअल फारिक' असे नाव दिले आणि ती रद्द ठरवली. अंदलूसच्या इब्न हज्मने तर कियासच नाकारला. सारखेपणा ठरवणे किती जोखमीचे काम आहे, याची जाणीव त्या वादात दिसते.

आमच्या नेवाशाला हे वेगळे सांगायला नको. 1290 साली प्रवरेच्या काठी इथेच ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि हा ग्रंथ दृष्टांतांनी भरलेला आहे. पण दृष्टांत एकदेशी असतो, हेही आपल्याकडचे जुने जाणते सांगत आले. तो एका अंगाने लागू पडतो. सगळ्या अंगांनी ताणला की तुटतो. मदरशातला कियास आणि कीर्तनातला दृष्टांत इथे एकच शिस्त शिकवतात.

ही शिस्त सुटते ती रस्त्यावरच्या प्रश्नपत्रिकेत. 'मराठी : हिंदू, तर उर्दू : ?' इथे पर्याय दिलेले नसतात. उत्तर आधीच तयार असते. आपण फक्त वाक्य करून पाहावे. 'मराठी ही हिंदूंची भाषा.' मग आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याचे काय? 'उर्दू ही मुसलमानांची भाषा.' मग प्रेमचंदांनी लेखनाची सुरुवात उर्दूत केली, आणि फिराक गोरखपुरी म्हणजे रघुपति सहाय यांना 1969 चा ज्ञानपीठ उर्दू कवितेसाठी मिळाला, त्याचे काय? दोन्ही वाक्ये पहिल्याच तपासणीत मोडतात. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानेही एका परीने हेच सांगितले, की ही जोडीच चुकीची मांडली आहे.

पण बोट फक्त बाहेर दाखवून भागणार नाही. मूल घरात मराठी बोलू लागले की ते दीनपासून दूर चालले, असे मानणारे आपल्यातही आहेत. तेही तीच खोटी जोडी उलट्या बाजूने वाचत असतात. एखाद्या गुन्ह्याची बातमी आली, की आरोपीच्या नावावरून त्याची अख्खी कौम कठड्यात उभी केली जाते. तेव्हा आपण तळमळतो आणि 'एकाचा गुन्हा सगळ्यांचा कसा?' असे विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु दुसऱ्या समाजातल्या एखाद्याने दुखावले की 'ते सगळे तसलेच' हे वाक्य आपल्याही ओठांवर येते. तिथे इल्लत कोणती? आडनाव? की पोशाख? सैल वाक्य आपल्या सोयीचे असले तरी सैलच. इन्साफ मागणाऱ्याने तोच काटा आपल्या तराजूलाही लावला पाहिजे.

तुलना सोडून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. तुलनेवाचून माणूस शिकतच नाही. दुसऱ्याचे दुःख कळते तेही आपल्या दुःखावरूनच. म्हणणे एवढेच, की कोणी जोडी पुढे ठेवली तर उत्तर देण्याआधी विचारावे: नाते कोणते? वाक्य करून दाखवा. परीक्षेत या सवयीचे दोन गुण मिळतात. बाहेर तिचे गुण कोणी देत नाही. पण ती नसली, तर एखाद्या निरपराध माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.